मला नेताना हे म्हणा

माणसं मला आपल्या मरणाचा अभंग सांगून ठेवतात. कधी कीर्तन उरकल्यावर मी पखवाज खोळीत घालत असताना, कधी वारीत झाडाखाली भाकरी सोडताना. तब्येत ठणठणीत असते, चेहऱ्यावर भीती नसते. "माउली, मला नेताना हे म्हणा," एवढंच बोलतात आणि पहिला चरण गुणगुणून दाखवतात. मी पखवाज वाजवतो. कीर्तनाची साथ, काकड्याचं भजन, सप्ताह, मुलांची शिकवणी हे माझं काम. गावात कुणी गेलं की टाळकऱ्यांबरोबर तिरडीच्या पुढं चालणं हेही त्यातच येतं. त्याचे पैसे कुणी देत नाही आणि आम्ही घेत नाही. पण माझ्या मते सगळ्यात अवघड साथ तीच.

मी आळंदीत शिकलो. जोग महाराजांनी १९१७ साली तिथं वारकरी शिक्षण संस्था काढली. आज आळंदीच्या कुठल्याही गल्लीत पहाटे पखवाज ऐकू येतो. ठेके, परणी, गजराची लय कशी चढवायची, बुवा पद सोडून निरूपणात शिरले की हात कुठं आवरायचा, हे सगळं गुरुजींनी हाताला धरून शिकवलं. अंत्ययात्रेत कसं वाजवायचं हे मात्र शिकवणीत नव्हतं. ते गावी आल्यावर म्हाताऱ्या विणेकऱ्यांच्या मागं चालत चालत कळलं.

तिरडी उचलली की खांदेकऱ्यांचे पाय पळायला लागतात. खांद्यावर ओझं असतं, मागून कुणीतरी "चला, चला" करत असतं, दिवस मावळायच्या आत आटपायचं असतं. अशा वेळी पखवाजवाल्यानं लय चढवली तर सगळी यात्रा धावतच नदीवर पोचते. म्हणून मी साधा भजनी ठेका धरतो, आठ मात्रांचा, आणि तो शेवटपर्यंत वाढवत नाही. दहा-बारा घरं ओलांडेपर्यंत खांदेकऱ्यांची पावलं ठेक्यावर येतात. त्यांना ते कळतही नाही. मडकं धरून चाललेल्या मुलाचे हात जरा स्थिर होतात, आणि मागची माणसं आपापसांत बोलायची थांबून अभंग उचलायला लागतात.

सुराचंही असंच. घरात रात्रभर रडून घसे बसलेले असतात. एरवी आमची मंडळी काळी चारमध्ये आरामात गातात, त्या दिवशी दोन पट्ट्या खाली यावं लागतं. एक पखवाज तेवढा उतरत नाही, म्हणून खालच्या सुराचा दुसरा मी याच कामासाठी ठेवला आहे. डाव्या तोंडाची कणीक घरूनच मळून ओल्या फडक्यात न्यायची. उन्हात ती वाळते, तडकते, आणि तडकली की डावं तोंड बद्द बोलतं. विसाव्याच्या जागी तिरडी टेकवून खांदे बदलतात, तेवढ्यात मी कणकेला पाण्याचा हात लावून घेतो.

हे एवढं सांगायचं कारण असं, की ज्याला आपल्या अंत्ययात्रेचं गाणं निवडायचं आहे त्यानं ते आरामखुर्चीत बसून निवडू नये. घरापासून स्मशानापर्यंतची वाट एकदा मनानं चालून यावी. बरोबर कोण असेल, कुणाचा घसा बसलेला असेल, पाऊस असेल की चैत्रातलं ऊन, ते डोळ्यांसमोर आणावं. त्या वाटेवर त्या माणसांना जे म्हणता येईल तेच तुमचं गाणं.

बहुतेक जण तुकोबांचे निरोपाचे अभंग सांगतात. ते साहजिकच आहे. १६५० साली फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकोबा वैकुंठाला गेले असं आम्ही मानतो, आणि देहूला दरवर्षी त्या दिवशी बीज असते. बीजेच्या दुपारी देहूत उभं राहून तो निरोप ज्यानं ऐकला, त्याला आपल्या वेळीही तोच हवा असं वाटणारच. शब्द सोपे आहेत, गावातल्या लहान पोरालाही पाठ आहेत, चालता चालता म्हणता येतात. काही जाणते लोक नामदेवरायांचे समाधीचे अभंग सांगतात. १२९६ साली ज्ञानोबांनी आळंदीला समाधी घेतली, तो प्रसंग नामदेवरायांनी अभंगांतून सांगितला आहे. पण ते अभंग बसून ऐकण्याचे. कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत ते ऐकताना धट्टीकट्टी माणसं हुंदके देतात. वाटेवर, ज्याचा बाप गेलाय त्याच्या पुढं, मला ते पेलत नाहीत. मी तसं स्पष्ट सांगतो आणि दहाव्याच्या प्रवचनात किंवा वर्षश्राद्धाच्या कीर्तनात घेऊ म्हणतो.

अभंग निवडला म्हणजे झालं, असंही नाही. एका अभंगाला दहा चाली. आमच्या शेजारच्या वाडीत एक बागायतदार गेले. अभंग त्यांनी सांगून ठेवला होता, पोरांनी वहीत लिहूनही घेतला होता. वेशीपाशी आलो आणि थोरल्या भावानं जुन्या चालीत चरण उचलला, त्याच वेळी नातवंडांनी मोबाइलवर ऐकलेली चाल धरली. दोन्ही बाजूंना तोच अभंग, आणि एकमेकांत मिळेना. भाऊ रागानं थांबले. नातवंडांचंही बरोबर होतं. आजोबा गेल्या वर्षभर तीच चाल त्यांच्याकडून म्हणून घेत होते. मी शब्द सोडून दिले आणि नुसता 'राम कृष्ण हरी'चा गजर लावला. विसाव्यापर्यंत गजरच चालला. तिथं भावानं स्वतःच मोठ्या नातवाला पुढं घेतलं आणि त्याच्या चालीत म्हणायला सांगितलं. तेव्हापासून मला कुणी अभंग सांगितला की मी लगेच विचारतो, चाल कुठली? आणि पहिला चरण उचलणार कोण?

तालुक्याच्या गावी एक निवृत्त मास्तर होते. त्यांना गीतरामायणातलं, चित्रकूटावर राम भरताची समजूत घालतो ते गाणं हवं होतं. १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं, पुढं वर्षभर दर आठवड्याला एक अशी छप्पन्न गाणी झाली. मास्तरांनी ती लहानपणी शेजारच्यांच्या रेडिओपुढं बसून ऐकली होती. त्या गाण्यावर त्यांचं आयुष्य उभं होतं म्हटलं तरी चालेल. वर्गातल्या कुठल्याही पोराचं काही दुःख असलं की ते गाणंच समजावून सांगायचे. त्यांना वैकुंठरथातून नेलं आणि रथाच्या स्पीकरवर बाबूजींच्या आवाजात ते गाणं लावलं. आम्ही टाळ हातात घेऊन मागून चालत होतो. एकानंही तोंड उघडलं नाही. बाबूजींच्या आवाजात आपला आवाज कोण मिसळणार? गाणं अप्रतिमच, पण त्या वाटेवर माणसं नुसती ऐकत चालली, आणि गाणं संपायच्या आधी रथ फाटकात पोचला. कुणीतरी मध्येच बंद केलं. मला ते फार लागलं. मास्तरांची निवड चुकली असं मी म्हणणार नाही. ते गाणं घरात, मास्तर अंगणात असताना, सगळे बसलेले असताना लावायला हवं होतं, पूर्ण, शेवटच्या कडव्यापर्यंत. ध्वनिमुद्रित गाणं निवडायचं असेल तर त्याला बसायची जागा द्यावी. चालायची वाट गळ्यांसाठी ठेवावी.

एका आजीनं तर आम्हाला नकोच म्हणून सांगितलं होतं. "तुमचा टाळमृदंग ह्यांच्या वक्ताला झाला. मला माझी ओवी म्हणा." आम्ही पुरुषमंडळी एकमेकांकडं बघत राहिलो. जात्यावरची ओवी आमच्यातल्या कुणाला येते? आयुष्यभर उशाशी ऐकली, पण म्हणायला तोंड उघडलं नाही. आजी गेल्या तेव्हा त्यांच्या थोरल्या लेकीनं उंबऱ्यात बसून ओवी उचलली. शेजारणींनी एकेक करून धरली. मी पखवाज गळ्यात अडकवून उभा होतो आणि हात चालवला नाही. ओवीला आमचा ठेका बसत नाही. ती जात्याच्या फेऱ्यावर चालते, श्वास पुरेल तेवढी लांबते, थांबते, पुन्हा सुरू होते. ओवी मरणाची नव्हती. पहाटेची होती, भाऊ न्यायला आल्याची होती. पुरुषांत चुळबुळ सुरू झाली. "उशीर होतोय, उचला आता," दोघांनी म्हटलं. लेक थांबली नाही. तिरडी उठली तशी ती ओवी म्हणतच चालायला लागली.

आमच्याकडं बायका वेशीपर्यंत येतात आणि तिथून माघारी फिरतात. ती फिरली नाही. तिच्याबरोबर आणखी चौघीजणी आल्या, नदीपर्यंत. कुणी काही बोललं नाही. बोलायला कुणाकडं काही नव्हतंच, कारण आजींनी सांगितलेलं गाणं फक्त त्या पाचजणींना येत होतं. हेमा रायरकर आणि गी पॉइतवां यांनी खेड्यापाड्यांतून हिंडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, हे मी नंतर वाचलं. आमच्या आजींच्या ओव्या कुणी लिहून घेतल्या नव्हत्या. आता त्यांची लेक माझ्याच सांगण्यावरून एका वहीत उतरवते आहे, आठवेल तशी.

आता ज्यांनी गाणं सांगितलंच नाही, अशा एका माणसाचं. ते माझ्या पखवाजाला पुड्या घालायचे. रस्त्याकडेला पत्र्याची शेड, समोर बकऱ्याची कातडी ताणून वाळत घातलेली. पुडीचा गजरा विणताना त्यांची बोटं मी तासन् तास पाहिली आहेत. शाई भरायची तर लोखंडाचा बारीक कीस आणि खळ यांचा लगदा अंगठ्यानं थरावर थर द्यायचा, प्रत्येक थर गुळगुळीत दगडानं घोटायचा, वाळू द्यायचा, पुन्हा थर. घाई केली की शाई पुढं तुकड्यांनी निघते. ते घाई करत नसत. पुडी बसवली की बोटानं एकदा 'ता' वाजवायचे, कान जवळ नेऊन ऐकायचे आणि मान हलवून दुसऱ्या दिवशी यायला सांगायचे. आज झालीय असं मला वाटत असलं तरी दुसऱ्याच दिवशी.

त्यांच्या वस्तीतल्या माणसांच्या अंत्ययात्रेला भजन जात नसे. त्यांनी घातलेल्या पुड्या पंचक्रोशीतल्या सगळ्या देवळांत वाजत होत्या, आणि त्यांच्या दारात एकही टाळ गेला नव्हता. असा नियम कुणी लिहिलेला नव्हता. बोलावणं येत नव्हतं म्हणून जात नव्हतो, आणि जात नव्हतो म्हणून बोलावणं येत नव्हतं. जुन्या मंडळींशी यावरून माझे वाद झाले. माझं म्हणणं एकच होतं, की चोखोबांचे अभंग गाणाऱ्यांनी हा प्रश्न विचारायलाच नको. मंगळवेढ्याला कुसू अंगावर पडून चोखोबा गेले. ढिगाऱ्यात अनेकांची हाडं मिसळलेली. नामदेवराय एकेक हाड कानाला लावत गेले, आणि ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आलं ती हाडं चोखोबांची म्हणून पंढरीला आणून महाद्वारापाशी समाधी दिली, अशी कथा आपण सांगतो. मेल्यानंतर माणूस कसा ओळखायचा, याचं आमच्या संप्रदायानं दिलेलं उत्तर ते. कीर्तनात ती कथा आली की सगळे डोळे पुसतात. मग रस्ता ओलांडून त्या वस्तीत जायला पाय का उचलत नाहीत?

एकदा ते स्वतःच म्हणाले, "अभंग तुमच्या मनानं घ्या हो. पण माझ्या हातची पुडी वाजू द्या." बस, एवढंच मागणं. पुढं ते आजारी पडले तेव्हा त्यांनी माझ्या खालच्या सुराच्या पखवाजाला नवी पुडी घातली, पैसे घेतले नाहीत आणि या खेपेला 'ता' वाजवून पाहिल्यावर, मान न हलवता, त्याच दिवशी पखवाज माझ्या हातात दिला. ते गेले तेव्हा मंडळातले सगळे आले नाहीत, पण निम्म्याहून जास्त आले. आम्ही चोखोबांचा अभंग घेतला. माझं लक्ष मात्र उजव्या तोंडाकडं होतं. शाई कुठं बोलते, कडेला आवाज किती उघडा येतो, हे मी त्या वाटेवर जितकं ऐकलं तितकं कुठल्याच बैठकीत ऐकलेलं नाही. त्यानंतर आमचं मंडळ सगळ्या घरी जातं. जे त्या दिवशी आले नव्हते तेही येतात.

२०२० आणि २०२१ मध्ये कुठंच गेलो नाही. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती, आणि करोनानं गेलेल्यांना तर गावात आणूच देत नव्हते. आमचे विणेकरी काका तेव्हाच गेले, तालुक्याच्या दवाखान्यात. ज्यांच्या मागं चालत मी हे काम शिकलो ते हेच. आपला अभंग त्यांनी फार आधी सांगून ठेवला होता, चालीसकट, पट्टीसकट. तो म्हणायला कुणी नव्हतं. मुलगा एकटा, लांब उभा. वर्षभरानं पुण्यस्मरणाला आम्ही त्यांच्या घरापासून निघालो, रिकाम्या वाटेनं, पुढं त्यांची वीणा घेऊन, आणि तो अभंग नदीपर्यंत म्हणत गेलो. काकी म्हणाल्या, "आज गेले ते." तेव्हा मला पटलं, की गाणं सांगून ठेवणं ही काकांची हौस नव्हती. मागं राहिलेल्यांना पार पाडायला एक काम ते देऊन गेले होते. ते काम अडून राहिलं की माणूसही अडून राहतो.

माझं मी ठरवलं आहे. मला रूपाचा अभंग हवा. आमच्या प्रत्येक भजनाची सुरुवात त्या ज्ञानोबांच्या अभंगानं होते; जो कधी मंडळात बसला त्याला तो येतोच, जो बसला नाही त्यालाही ऐकून ऐकून अर्धा येतो. कुणी म्हणेल, शेवटाला भैरवी घ्यावी, रीत तशी आहे. रीत मला मान्य आहे, मी जन्मभर भैरवीला साथ केली आहे. पण मंडळी नदीवर पोचतील तेव्हा सगळ्यांच्या तोंडात एकच गोष्ट असावी, आणि ती सगळ्यांना न चाचपडता यावी, एवढीच माझी इच्छा आहे. निरोपाचे अभंग म्हणताना माणसं माझ्याकडं बघतील. रूपाचा अभंग म्हणताना ती विठ्ठलाकडं बघतील. मला ते जास्त बरं वाटतं.

चाल साधी, जुनी वारकरी. ताना-आलाप नकोत. सूर काळी दोनच्या वर नेऊ नये, कारण माझ्या धाकट्या मुलाचा घसा रडला की बसतो. पहिला चरण मंडळातल्या सगळ्यात तरुण मुलानं उचलावा. पखवाज माझ्या शिकवणीतली मुलगी वाजवील. तिचा डावा हात माझ्यापेक्षा भरीव आहे. तिनं वेशीवर थांबू नये, हे मी मंडळात सगळ्यांदेखत सांगितलं आहे. पखवाज तोच खालच्या सुराचा, त्याच पुडीचा. पुडी तोवर टिकली नाही तर त्या शेडमध्ये आता त्यांचा मुलगा बसतो, त्याच्याकडून घालून घ्यावी आणि त्याला घाई करू नये.

तुम्हालाही काही ठरवायचं असेल तर लवकर ठरवा आणि एकालाच नव्हे, दोघांना सांगून ठेवा. अभंग असो, ओवी असो, नाट्यपद असो की सिनेमातलं गाणं. नाव सांगा, चाल सांगा, घरात लावायचं की वाटेत म्हणायचं ते सांगा, आणि पहिला चरण कोण उचलणार त्याला आधी विचारून घ्या. गाणं त्या माणसाला येत नसेल तर आत्ता वेळ आहे. त्याला शिकवा.